‘नको’ म्हणण्याआधी एक चौकशी



सहलीला गेलं की आपल्या वयाच्या बायकांकडे एक काम न सांगता येतं. सगळ्यांच्या बॅगा, चपला, चष्मे आणि मोबाइल सांभाळत काठावर बसायचं. मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्यांना हे चांगलं ठाऊक असेल. मुलं, सुना, जावई, नातवंडं लाइफ जॅकेटं घालून बोटीत बसतात आणि आपण वाळूत चादर टाकतो. कुणी विचारलंच, “तू येतेस का?” तर प्रश्न पुरा व्हायच्या आत आपलं उत्तर तयार असतं. “नको गं बाई, तुम्ही जा.”

हे ‘नको’ आपण विचार करून म्हणत नाही, ते सवयीनं तोंडातून निघतं. पाणी किती खोल, कपडे कोणते, धोका काय, आपल्याला जमेल का, यातलं काहीच आपण विचारलेलं नसतं. खरोखर नको असेल तर नकोच, त्यात कमीपणा नाही. पण न विचारता दिलेला नकार हा माझ्या मते निर्णयच नव्हे.

हे आज लिहायला एक कारण घडलं. यंदा जूनमध्ये लेक आणि जावई यांच्याबरोबर आम्ही दोघं आइसलंडला गेलो होतो. तिथे सिल्फ्रा नावाच्या जागी, २ ते ४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, मी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा स्नॉर्केलिंग केलं. फोटो पाहून बऱ्याच जणींचे फोन आले. एकीने कौतुकाने “काय गं तुझं धाडस!” म्हटलं, तर दुसरीने काळजीने “या वयात कशाला नसतं धाडस?” म्हणून झापलं. शब्द दोघींचा एकच होता आणि मला तो दोघींच्याही तोंडी पटला नाही. मी बी.कॉम. झालेली बाई. मी धाडस केलं नाही, हिशोब केला. तो हिशोब तुमच्यासमोर मांडते.

आधी जागेबद्दल. आइसलंडची राजधानी रेक्याविक. तिथून साधारण पन्नास किलोमीटरवर थिंगवेलिर नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. इसवी सन ९३० मध्ये तिथल्या लोकांनी उघड्या माळावर आपली सभा भरवायला सुरुवात केली, ती अल्थिंग. जगातल्या सर्वांत जुन्या लोकसभांमध्ये तिची गणना होते. २००४ पासून ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. याच भागात पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे, उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा, वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर सरकताहेत. जमीन ताणली जाते, भेगा पडतात. सिल्फ्रा ही त्यांतलीच पाण्याने भरलेली एक भेग, १७८९ च्या भूकंपांत उघडलेली. ‘एका हाताने अमेरिका आणि एका हाताने युरोप शिवा’ अशी जाहिरात सगळीकडे दिसते, पण ती जाहिरातच समजा. दोन तुकड्यांमधला खचलेला पट्टा काही किलोमीटर रुंद आहे आणि त्यात अशा कितीतरी भेगा आहेत.

मला त्या जागेकडे ओढलं ते पाण्याने. हे पाणी लांगयोकुल या हिमनदीचं. ती तिथून साधारण पन्नास किलोमीटर दूर आहे. बर्फ वितळून झालेलं पाणी लाव्हाच्या सच्छिद्र खडकात मुरतं आणि जमिनीखालून झिरपत झिरपत सिल्फ्रात येऊन पोचतं. या प्रवासाला ३० ते १०० वर्षं लागतात असं सांगतात. म्हणजे माझ्या अंगाखालून गेलेलं पाणी कदाचित मी शाळेत जात असताना, किंवा माझ्या जन्माच्याही आधी, बर्फातून सुटलेलं असेल. इतकी वर्षं खडकातून गाळून आलेलं पाणी असं असतं, की त्यात शंभर मीटरच्याही पलीकडचं दिसतं. शंभर मीटर म्हणजे आपल्या बिल्डिंगच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत. एवढं लांबचं आपल्याला पुष्कळदा हवेतूनही धड दिसत नाही.

लेकीने पहिल्यांदा फोनवर विषय काढला तेव्हा मी ‘नको’ म्हटलं नाही आणि ‘हो’ही म्हटलं नाही. “माहिती पाठव, वाचून सांगते,” म्हटलं. आयोजकांकडून आलेली माहिती पाच पानांची होती. पोहता आलंच पाहिजे, वजन किमान ४५ किलो हवं, गरोदर स्त्रियांना परवानगी नाही, आणि शेवटी तब्येतीचा मोठा फॉर्म. हृदय, फुप्फुसं, रक्तदाब, कान, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, अशा प्रश्नांची रांग होती. एकाही प्रश्नाचं उत्तर ‘होय’ असेल तर डॉक्टरांची सही हवी, आणि साठीच्या पुढच्यांना ती हवीच.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. लेकीच्या ओळखीतले एक गृहस्थ म्हणाले, “काकू, सगळीकडे ‘नाही’ लिहून टाका, कोण तपासतंय?” मी रक्तदाबाची गोळी आठ वर्षं घेते. तिथे ‘होय’ लिहिलं. खोट्या नोंदी करून ताळेबंद जुळवता येतो, पण त्याने तिजोरीत पैसे येत नाहीत, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. फॉर्मवर ‘नाही’ लिहिल्याने रक्तदाब जात नाही. आणि हा फॉर्म उगीच आलेला नाही. २०१७ साली सिल्फ्रात पर्यटकांचे मृत्यू झाले आणि त्यानंतर उद्यानाने नियम कडक केले. तो कागद कुणाच्या तरी जिवाची किंमत देऊन तयार झाला आहे, तेव्हा तो खरा भरणं ही निदान आपली बाजू.

मग आम्ही दोघं आमच्या डॉक्टरांकडे गेलो. आमच्या यांच्या हृदयात पाच वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. डॉक्टरांनी यांना तिथल्या तिथे ‘नाही’ सांगितलं. माझा ईसीजी काढला, पट्ट्यावर चालवून तपासणी केली, दोन आठवडे घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब लिहून आणायला सांगितला. तो आवाक्यात आहे हे पाहिल्यावर सही दिली, पण अट घातली की तीन महिने नियमित पोहायचं आणि पाण्यात छातीत किंवा श्वासात काही वेगळं वाटलं तर लाज न धरता बाहेर यायचं. हे म्हणाले, “ठीक आहे, या वेळी बॅगा मी सांभाळतो.” आणि खरंच चार जणांच्या बॅगा मांडीवर घेऊन बसले. बिचाऱ्यांना थंडी वाजली ती माझ्यापेक्षा जास्त.

पोहायला मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले, तेही गुडघ्यांसाठी. डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितला म्हणून महापालिकेच्या तलावावर दुपारच्या महिलांच्या बॅचला नाव घातलं होतं. शिकायला मला चार महिने लागले, बरोबरच्या पोरींना तीन आठवडे. तेव्हा वाटलंही नव्हतं की हे असं कुठे कामी येईल. यंदा मार्चपासून त्याच तलावात स्नॉर्केल लावून सराव केला. चष्म्यासारखा मास्क डोळे आणि नाक झाकतो, श्वास तोंडातल्या नळीतून घ्यायचा असतो. आयुष्यभर ‘नाकाने श्वास घ्या’ ऐकलेल्या आपल्याला हे उलटं वाटतं. पहिल्या दिवशी चार श्वासांत मी डोकं वर काढलं. दहाव्या दिवशी अर्धा तास सलग राहू शकले. नळीत पाणी शिरलं तर जोरात फुंकून उडवायचं, हेही घरच्या कोमट पाण्यात शिकलेलं बरं. चार अंशांच्या पाण्यात पहिला धडा गिरवू नये.

आता थंडीबद्दल, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच आले. पाणी आपल्या अंगातली ऊब हवेच्या साधारण पंचवीस पट वेगाने ओढून घेतं. म्हणून चार अंशांच्या हवेत आपण स्वेटर घालून फिरू शकतो, पण चार अंशांच्या पाण्यात उघड्या अंगाने पडलं तर पहिल्या मिनिटातच श्वास दचकून आत ओढला जातो, नाडी धावते, रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. बुडणारे पुष्कळदा याच पहिल्या दचक्यात पाणी गिळतात. हा शरीराचा धर्म आहे, मनाच्या बळावर तो टळत नाही. “मन घट्ट केलं की काही होत नाही” असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

टळतो तो कपड्यांमुळे. आम्हाला जो पोशाख दिला त्याला ड्रायसूट म्हणतात. वेटसूटमध्ये अंग भिजतं आणि आत शिरलेल्या पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने गरम होतो. ड्रायसूटमध्ये पाणी आत येतच नाही. पायमोज्यांपासून मानेपर्यंत एकसंध झबलं, मानेला आणि मनगटांना घट्ट रबरी पट्टे. आत आपले थर्मल, दोन जोड लोकरी मोजे आणि वर त्यांनी दिलेला गोधडीसारखा जाड आतला सूट. त्या थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. हीच हवा तरंगवतेही, त्यामुळे बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही. सुती कपडे मात्र आत घालू नयेत, घाम धरून ठेवतात आणि गार पडतात. डोक्याला टोपडं आणि हातमोजे यांत पाणी शिरतं. तेवढे दोन भाग आणि ओठ गार पडतात.

मैत्रिणींनो, यातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती तुम्हाला सांगायलाच हवी. आपल्यातल्या पुष्कळ जणी पाण्याला घाबरून ‘नको’ म्हणतच नाहीत. त्यांना नको असतो तो पोहण्याचा पोशाख. जावयासमोर, सुनेसमोर, परक्या पुरुषांसमोर ओल्या, चिकटलेल्या कपड्यांत उभं राहणं नको असतं. हे आपण मोकळेपणी बोलत नाही, गुडघ्यांचं नाव पुढे करतो. तर या थंड पाण्याच्या प्रकारात अंगाचं नखही दिसत नाही. चेहऱ्याचा थोडा भाग सोडला तर सगळं झाकलेलं. सहा जणांच्या आमच्या गटात कोण बाई, कोण बुवा हेही ओळखू येत नव्हतं. जिला फक्त कपड्यांची अडचण आहे, तिने निदान हे कारण आपल्या यादीतून खोडून टाकावं.

काही अडचणी मात्र खऱ्या आहेत आणि त्या माहितीपत्रकात कुणी लिहीत नाही. म्हणून लिहिते.

बांगड्या, कानातलं, चमकी आणि मंगळसूत्र काढावं लागतं. मानेचा रबरी पट्टा कातडीला सलग चिकटला तरच पाणी अडतं. त्याखाली साखळी आली तर तिच्या कडेने पाणी आत झिरपतं, आणि टोकदार दागिन्याने पट्टा फाटतो. मी मंगळसूत्र यांच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. ज्यांना ते अजिबात काढायचं नसेल त्यांनी हे आधीच जाणून ठरवावं, तिथे रांगेत उभं राहून हो-ना करू नये. काचेच्या बांगड्या घरूनच उतरवून निघावं.

अंबाडा चालत नाही, टोपडं बसत नाही. मानेशी सैल वेणी घालावी. चष्मा मास्कच्या आत मावत नाही. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झाल्याने लांबचं बिनचष्म्याचं दिसतं. बाकीच्यांनी नंबरचा मास्क मिळतो का हे आधी विचारावं.

पोशाख चढवायलाच अर्धा तास जातो आणि नंतर बाथरूमला जाता येत नाही. सकाळचा दुसरा चहा टाळावा. मानेचा पट्टा पहिली पाच मिनिटं गळा धरल्यासारखा वाटतो. बंद जागेत ज्यांचा जीव घाबरा होतो त्यांना याचाच त्रास होईल, थंडीचा नव्हे. वाहनतळापासून पाण्यापर्यंत तो सगळा बोजा अंगावर घेऊन चालायचं असतं आणि शेवटी लोखंडी जिना उतरायचा असतो. गुडघे अगदीच गेलेले असतील तर इथे विचार करावा.

आणि तोंडात धरायची नळी. ती धुऊन, जंतुनाशकातून काढून देतात, पण दुसऱ्याने तोंडात धरलेली वस्तू आपल्याच्याने धरवत नाही. मी माझी नवी नळी इथून नेली होती. सामानात तिचं वजन काहीच नसतं. खर्चाचंही सांगून टाकते. दर माणशी दहा हजार रुपयांच्या वर जातात. तो खर्च लेकीने आनंदाने केला, पण किती झाला ते मी विचारून घेतलं.

आता पाण्यातलं. जिन्यावरून एकेक पाय खाली टाकला तेव्हा पोटऱ्यांवर पाण्याचा नुसता दाब जाणवला, गारवा नाही. मग मार्गदर्शकाच्या खुणेवर चेहरा पाण्यात घातला. कपाळाला आणि ओठांना एकदम कळ आली, उन्हाळ्यात बर्फाचा गोळा दाताला लागावा तशी. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं मी काठालाच थांबून वीस श्वास मोजले. पंधराव्या श्वासाला ओठ बधिर झाले आणि कळ गेली.

मग खाली पाहिलं. पाणी आहे हे मला पहिल्या क्षणी कळलंच नाही. दहा-वीस मीटर खाली दगड पडलेले, त्यांच्यावरची रेषन् रेष दिसत होती. पाचव्या मजल्याच्या गच्चीच्या कठड्यावरून खाली वाकून पाहावं आणि कठडाच नसावा, तसं पोटात गलबललं. हात आपोआप काही धरायला गेले. धरायला काही नव्हतं आणि धरायची गरजही नव्हती, कारण मी तरंगत होते. दोन्ही बाजूंना काळ्या खडकाच्या भिंती, मध्ये निळं. निळ्याच्या किती छटा असतात हे पैठणीच्या दुकानात पाहिलं होतं, पण त्या दुकानातही नसलेला निळा तिथे पाहिला. खडकांवर हिरव्यागार शेवाळाच्या लांब जटा हलत होत्या. मासा एकही दिसला नाही. ऐकू येत होता तो फक्त नळीतून जाणारा माझाच श्वास.

पोहावं फारसं लागत नाही. संथ प्रवाह आपला आपण पुढे नेतो. हातपाय जितके कमी हलवाल तितकं बरं, कारण तळाचा गाळ उठला तर मागच्यांचं पाणी गढूळ होतं आणि हातमोज्यांतलं कोमट झालेलं पाणीही बाहेर पडतं. भिंतींना हात लावायचा नाही, ही सक्त सूचना. शेवटी मात्र डावीकडे वळून थोडं जोराने पोहावं लागतं, नाहीतर प्रवाह पुढच्या मोठ्या तळ्याकडे नेतो. तिथे माझे तीन महिने कामाला आले. साधारण पस्तीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा बोटं इतकी बधिर होती की लेकीने हातमोजे ओढून काढले. अंग मात्र कोरडं होतं, बनियनसुद्धा.

बाहेर आल्यावर सगळ्यांना गरम चॉकलेट आणि बिस्किटं मिळाली. माझ्याकडे दशमी, बिनलसणाची शेंगाचटणी आणि थर्मासमध्ये गरम पाणी होतं. जूनमध्ये तिथे सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सूर्यास्ताआधी जेवायची चिंता नव्हती. तरी आम्ही घड्याळ पाहून सातच्या आतच जेवत होतो.

आता येते त्या प्रश्नाकडे, जो तुमच्यापैकी काही जणींच्या मनात पहिल्या ओळीपासून असेल. मंदिरात एका ताईंनी मला तो तोंडावर विचारला. “अगं, पाणी म्हणजे अप्काय जीव. त्यात मौजेसाठी उतरणं हे अनर्थदंडात नाही का येत?”

प्रश्न रास्त आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. विनाकारण पाणी उसळवणं आपल्याकडे वर्ज्यच सांगितलं आहे. सिल्फ्रात उतरून मी पुण्य जोडलं असं मी म्हणत नाही. तो आनंदाचा प्रवास होता आणि आनंदाच्या प्रवासाला जे लागतं ते लागलं, विमानासकट. तिथले मार्गदर्शक ओंजळीने पाणी पिऊन दाखवतात, इतकं ते शुद्ध असतं. मी माझ्या बाटलीतलंच प्यायले. आपण पाणी गाळतो ते आपल्या पोटाच्या काळजीने नव्हे, पाण्यातल्या जिवांच्या काळजीने. खडकाने गाळलं म्हणून माझा नियम सुटत नाही. आणि आषाढ चौदसच्या आत घरी परतायचं हे तिकिटं काढतानाच ठरलं होतं, चातुर्मासात मी हे केलं नसतं. ज्यांनी व्रत घेतलं आहे त्यांनी ते पाळावं, त्यांना कुणी आग्रह करू नये. मीही करत नाही.

पण ताईंना मी नम्रपणे एक विचारलं. तुमचा नातू उन्हाळ्यात दोन महिने पोहण्याच्या क्लासला जातो. मुलगा-सून मागच्या वर्षी समुद्रकाठी राहून आले. तेव्हा हा प्रश्न घरात निघाला होता का? त्या हसल्या, “नाही गं.” मला एवढंच म्हणायचं आहे. प्रश्न धर्माचा असेल तर तो घरातल्या सगळ्यांना विचारा. तो फक्त आईने, आजीने पाण्यात पाय घातल्यावर आठवत असेल, तर तो अप्कायाचा प्रश्न नव्हे, तो आजीने कुठे बसावं याचा प्रश्न आहे.

आणि आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता हा लेख संपवला तर अर्धवट होईल. हल्ली काही घरांत उलटं होऊ लागलंय. मुलं हौसेने आईवडिलांना ओढतात. “आई, चल ना, काही होत नाही, रील मस्त येईल.” आणि आई मुलांचं मन मोडायला नको, भरलेले पैसे वाया जायला नकोत, म्हणून ‘हो’ म्हणते. गोळ्यांचं सांगत नाही, चक्कर येते ते सांगत नाही. आमच्या आधीच्या गटात आपल्याच देशातल्या एक बाई होत्या. त्यांना पोहता येत नव्हतं हे अगदी जिन्याशी आल्यावर कळलं. मार्गदर्शकाने त्यांना परत पाठवलं. तो बरोबरच होता. त्यांच्या मुलाचा चेहरा पडला, पण बाईंच्या चेहऱ्यावर मला सुटकाच दिसली. तीन दिवस त्या मनात काय घेऊन फिरल्या असतील! सवयीचं ‘नको’ आणि भिडेचं ‘हो’ या दोन्हींत एकच गोष्ट राहून जाते, चौकशी. पहिल्यात आपण एखादा आनंद गमावतो. दुसऱ्यात जीवही जाऊ शकतो.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. पुढच्या वेळी पाण्याचं, डोंगराचं, आकाशपाळण्याचं, कशाचंही विचारलं तर लगेच उत्तर देऊ नका. विचारा, याला शरीरात काय चांगलं असावं लागतं? अंगावर काय घालतात? काय काढून ठेवावं लागतं? मध्येच नको वाटलं तर परत येता येतं का? किती खर्च आणि तो कोण करतंय? आपल्या डॉक्टरांना विचारा, खरं सांगून विचारा. सरावाला किती महिने लागतील ते पाहा. एवढं झाल्यावर जे उत्तर येईल ते तुमचं. आमच्या घरात याच चौकशीतून यांना ‘नाही’ आलं आणि मला ‘हो’. दोघांनाही त्याचं वाईट वाटलं नाही, कारण दोन्ही उत्तरं विचारून आलेली होती.

तुमच्यापैकी कुणी महिलांच्या बॅचला नाव घालायचं मनात असूनही थांबली असेल, तर पावसाळा संपला की घाला. आइसलंडला जायचं नसलं तरी गुडघे आपलेच आहेत.